घोषणा कुणी दिली?

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. म्हणजे नव्हता... म्हणजे अजूनही नाही, पण पूर्वीसारखा चारचौघांत छाती ठोकून बोलत नाही एवढंच. उतरवून टाकलेला नारळ फोडून खाणारा आणि अमावस्येला नवी गाडी घेणारा मी माणूस. (ती गाडी तिसऱ्या दिवशी ओढ्यात गेली, पण तिथं दोष माझ्या हातांचा होता, अमावस्येचा नव्हे.)

कोल्हापुरात माझा साउंडचा छोटा धंदा आहे. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, कुस्ती मैदानांच्या निवेदनाच्या टेप, एखाद्या शाळेचं गीत... दुसऱ्यांचे आवाज भरून द्यायचे. माझा स्वतःचा आवाज कावळ्यानंही परत पाठवला असता.

गेल्या थंडीत मधुराचा फोन आला. मधुरा माझ्या वर्गमित्राची मुलगी, पुण्यात गेमच्या आवाजांचं काम करते. म्हणाली, काका, परदेशातला एक बंदुकीचा गेम येतोय, गर्दीचे आवाज हवेत. गेमचं नाव मी सांगू शकत नाही, कागदावर सही केलीय. तर एका काल्पनिक बेटावर एक हुकूमशहा बसलाय आणि आपण बंडखोर होऊन त्याला खाली खेचायचं. शेवटच्या भागात सगळं शहर राजवाड्यावर चालून जातं. त्या चालून जाणाऱ्या लोकांचा आवाज पाहिजे होता, आणि तो ‘खरा’ पाहिजे होता.

तिनं मला थोडा खेळायलाही दिला. बेटावर भिंतीभिंतीला त्या हुकूमशहाचे हसरे फोटो, अगदी आपल्याकडे चौकात वाढदिवसाचे बोर्ड लागतात तसे, त्यामुळं मला लगेच घरच्यासारखं वाटलं. पहिल्या मिनिटात मी आमच्याच म्होरक्याला गोळी घातली. दुसऱ्या खेपेला फळांच्या गाड्यामागं लपलो आणि बंदूक समजून हातात बॉम्ब धरून बसलो. क्रांती तिथंच संपली.

पण गर्दीचा आवाज म्हटल्यावर मी एका फटक्यात हो म्हणालो. मोर्चा काढायला कोल्हापूरला काय शिकवायचं? आमच्या पेठेतल्या तालमीतली निम्मी माणसं कॉलेज कमी आणि रास्ता रोको जास्त करून मोठी झालीत. मीही त्यातलाच. पाण्यासाठी, ऊसदरासाठी, एसटीच्या थांब्यासाठी... एकदा तर विषय काय होता तेच आठवत नाही, पण मोर्चा झकास झाला होता. सकाळी तालमीसमोर जमायचं, टोप्या उडवायच्या, आणि हातगाडीवर दस्तगीरमामू चढला की समजायचं, आता सुरू.

दस्तगीरमामू आमच्या गल्लीतला गादीवाला. कापूस पिंजून पिंजून त्याच्या भुवया कायम पांढऱ्या. राजकारणात नाही, पुढारी नाही, कधी खुर्चीवर बसला नाही. पण घोषणा द्यायची ती त्यानंच. घोषणेचं असं असतं की पहिला अर्धा भाग एकानं द्यायचा आणि उरलेला लोकांनी उचलायचा. देणारा कच्चा असला की लोक तुटक ओरडतात, कुणी आधी, कुणी मागं, पोलिसांनाही हसू येतं. मामू असा काही भाग सोडायचा की हजार माणसं एका तोंडानं बोलायची. एका मोर्चात मी त्याचा आवाज कॅसेटवर भरून घेतला होता. तेव्हा टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून फिरायचो मी, वार्ताहर असल्यासारखा.

त्या कॅसेटचं आता सांगतोच, कारण न सांगून माझं वय वाढलंय. काही वर्षांनी मला कुस्तीचा निवेदक व्हायची हुक्की आली. सराव म्हणून जी हाताला लागली त्या कॅसेटवर मी दोन्ही बाजू भरून स्वतःचं निवेदन केलं. न झालेल्या कुस्तीचं, नसलेल्या पैलवानांचं. मामूचा आवाज त्याखाली गेला. तेव्हा मामू रोज भेटत होता, त्यामुळं वाटलं, त्यात काय, परत भरून घेऊ.

चार वर्षांपूर्वी मामू गेला. त्याची मुलगी रेहाना कबनूरला दिलीय. तिच्या नवऱ्याचे यंत्रमाग आहेत आणि ती शाळेत शिकवते. कॅसेट माझ्याकडे असल्याचं तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं मागितली. मी म्हणालो, माळ्यावर आहे, काढतो. मग म्हणालो, बुरशी धरलीय, पुण्याला साफ करायला दिलीय. दर ईदला तिच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि दर ईदला मी पुण्याच्या त्या नसलेल्या माणसाला शिव्या घालायचो. मागच्या ईदला ती फोनवर म्हणाली, “काका, चेहरा फोटोत बघते. पण आवाज इसरत चाललाय मला. आवाज कशात बघू?” त्यावर मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक रेंज गेल्याचं नाटक केलं.

तर रेकॉर्डिंग. दुपारी तीनची वेळ, तालमीचा हॉल, पंखे बंद. एकोणीस माणसं जमवली. बहुतेक सगळे जुने मोर्चेकरी, शिवाय इथं कुस्ती शिकायला आलेले शिरोळचे दोन पैलवान, आणि बंडातात्यांच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पन्हाळ्याचे एक पाव्हणे. बंडातात्या म्हणजे तालमीचे जुने कारभारी. चहा प्यायला थांबा म्हणून त्यांनी पाव्हण्यांनाही क्रांतीत ओढलं.

बेटाची भाषा बनवलेली. पहिला भाग गेमची नायिका देणार आणि लोकांनी “तोमे! तोमे!” म्हणायचं. तात्यांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, आमचं आमाला द्या. त्यावर तात्या म्हणाले, “मग त्येला बंदुका कशाला? चार दिस बंद पुकारा, त्याच्या वाड्यावरचा चहा बंद करा. पाचव्या दिशी त्योच आपणहून उतरतोय खाली.”

नायिकेचा आवाज परदेशात नंतर भरायचा होता, म्हणून तिच्या वाट्याच्या जागा मोकळ्या सोडायच्या होत्या. त्यासाठी मी शक्कल काढली. हॉलमध्ये एक लाल बल्ब. तो लागला की समजायचं नायिका बोलतेय, म्हणून गप्प. विझला की ओरडायचं. बल्बचं बटण आणि मशीन पलीकडच्या बंद खोलीत, तिथं मी, कानाला हेडफोन. तिथून हॉल दिसत नाही.

सुरू केलं. बटण दाबलं, तीन सेकंदांनी सोडलं. शांतता. म्हटलं, म्हातारी झाली मंडळी. आणि मग, एक सेकंद उशिरा, “तोमे! तोमे!” काय सांगू... अंगावर काटा आला. एकोणीस माणसं नव्हतीच ती, एक तोंड होतं. पुढची पण तशीच उशिरा. तिसरीला तर मी बटण सोडून कितीतरी वेळ वाट बघितली, म्हटलं झोपले की काय, आणि मग एकदम फुटली. त्यानंतर मी शहाणपणा केला. त्यांच्या मागोमाग मीच बटण दाबायला लागलो, म्हणजे आपणच चालवतोय असं निदान स्वतःला तरी वाटावं. अशा बारा घोषणा झाल्या. बाहेर येऊन मी सगळ्यांचं कौतुक केलं, चहा झाला, पाव्हणे पन्हाळ्याला गेले.

दोन दिवसांनी मधुराचा फोन. आवाज भारी आलाय म्हणाली, तिकडचे लोक खूश आहेत. फक्त एक विचारायचं होतं, मोकळ्या जागा सारख्या का नाहीत? पहिली चार सेकंदांची, दुसरी चारची, तिसरी नऊची. परत चार, चार, नऊ. बाराच्या बारा अशाच. “काका, तुम्ही तिसऱ्याला एवढं का थांबवलं लोकांना?”

मी म्हणालो, मी थांबवलंच नाही. फोन ठेवला आणि मग हळूहळू आठवलं.

मामू असाच द्यायचा. दोन घोषणा सलग, आणि तिसरीच्या आधी घशातला कापूस नडायचा. मग तो हातगाडीवर उभ्या उभ्या खाकरायचा, कुणीतरी तांब्या वर करायचं, तो घोटभर पाणी प्यायचा, आणि अख्खा मोर्चा तोवर श्वास धरून उभा असायचा. तिसरी सगळ्यात मोठी निघायची ती त्यामुळंच.

मी तालमीत पळालो. तात्यांना विचारलं, बल्ब बरोबर लागत होता का? तात्या म्हणाले, “कसला बल्ब? लागलाच न्हाय की त्यो.” भिंतीवरच्या बोर्डाशी गेलो तर वायर अजून तशीच होती, पिन लोंबकळत. त्या जागी त्या दिवशी शिरोळच्या एका पैलवानानं मोबाइल चार्जिंगला लावला होता, हे त्यानंच कबूल केलं. म्हणजे मी तो सगळा वेळ पलीकडच्या खोलीत नुसतं बटण दाबत बसलो होतो. आजवरच्या माझ्या घोडचुकांत ही तशी लहानच म्हणायची.

मग तुम्ही ओरडलात कुणाकडं बघून? तात्या म्हणाले, मला वाटलं बाळू हात करतोय. बाळू, आमच्यातलाच एक जुना मोर्चेकरी, म्हणाला, तात्या सुरू करायचे म्हणून मी. एकेकाला विचारत गेलो, प्रत्येकाला दुसरा वाटला होता. जुन्यांचं मी समजू शकतो. चाळीस वर्षांची सवय, रक्तात मुरलेली, असं म्हणून सोडून देता येईल. पण शिरोळच्या पोरांनी मामूला कधी बघितलेलंही नव्हतं. ती म्हणाली, बाकीच्यांबरोबर ओरडलो. पण बाकीच्यांबरोबर ओरडणारा जरा मागं राहतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये एकही आवाज मागं नाही, मी शंभर वेळा ऐकलंय. शेवटी पन्हाळ्याच्या पाव्हण्यांना फोन लावला. ते बिचारे घाबरले, काही चुकलं का म्हणाले. मग म्हणाले, “मी कुणाकडंच न्हाय बघितलं. घशातनंच आलं की.”

तात्यांनी ती लोंबकळणारी पिन हातात धरून बघितली. मग म्हणाले, “सुभ्या, पोरीला बोलाव.”

रविवारी रेहाना आली. दुपारची, एकटी. मी आधी कॅसेटचं सांगितलं. सगळं. बुरशी नाही, पुण्याचा माणूस नाही, नसलेल्या पैलवानांची कुस्ती आहे. वाटलं होतं रडेल किंवा शिव्या देईल. ती फक्त दाराकडं बघत बसली. चार वर्षं मी जे तोंड चुकवत होतो ते समोर होतं, आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

मग मी तिला हेडफोन दिला. कशाचं आहे, कुठं भरलं, काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, गेमसाठी तालमीतल्या लोकांचं आहे, ऐक.

पहिली जागा गेली, “तोमे! तोमे!” दुसरी गेली. तिसऱ्या जागेत नुसती तालमीतली शांतता होती, बाहेर कुठंतरी एक गाडी वळत होती. रेहानानं डोळे मिटले आणि हात किंचित वर केला, मला गप्प करतात तसा.

“पाणी प्यायलेत,” ती म्हणाली.

आणि तिसरी फुटली.

तिनं बाराच्या बारा ऐकल्या. परत ऐकल्या. पेनड्राइव्ह मागितला, पिशवीत ठेवला. निघताना दारात थांबून म्हणाली, “काका, कॅसेटचं मी इसरणार न्हाय.” मी म्हणालो, नको इसरू. या ईदला डबा आला नाही. मी वाट बघत होतो हे मात्र खरं.

गेम अजून यायचाय. मधुरा म्हणाली, तिकडच्या लोकांनी जागा कापून सारख्या केल्या आणि तिथं नायिकेचा आवाज बसवला, छान वाटतंय. वाटत असेल.

तुमच्यातले हुशार लोक म्हणतील की गर्दीची सवय असते, योगायोग असतो, मोजण्यात चूक असेल. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं, पटत नाही, आणि दुसरं काही सापडतही नाही. सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. त्या दुपारी हॉलमध्ये एकोणीस माणसं होती, त्यात मामूला न ओळखणारीही होती, आणि सगळ्यांना उत्तर नेमकं कधी द्यायचं ते कळलं. ज्यानं त्याचा आवाज पुसला तो मी एकटाच भिंतीपलीकडे, दार लावून, कानांवर हेडफोन घालून बसलो होतो.