बाईंचं स्टूल

बाईंनी आम्हाला एकही वचन पाठ करायला लावलं नाही. चर्चच्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वर्गात हे नवलच. स्पर्धेत इतर चर्चची पोरं सोनेरी वचनं धडाधड म्हणून बक्षिसं घेऊन जायची आणि आम्ही टाळ्या वाजवून परत यायचो. पालक कुरकुरायचे. बाई त्यांना सांगायच्या, "पाठ तर पोपटबी करते. त्याले प्रभुभोजनाले बसवता का?"

वर्ग दृढीकरणाचा होता. पंधरा-सोळा वर्षांची पोरं मंडळीसमोर उभी राहून स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करतात, आणि मग त्यांना प्रभुभोजनाची भाकर मिळते, त्याआधीची ही तयारी. रविवारची उपासना संपली की चर्चच्या मागच्या खोलीत, खडखडणाऱ्या कूलरसमोर आम्ही जमायचो. बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. त्या गोष्ट वाचायच्या, पुस्तक मिटायच्या, मधोमध एक डुगडुगणारं लाकडी स्टूल ठेवायच्या आणि विचारायच्या, "ह्या गोष्टीत गप कोन हाय?" ज्यानं उत्तर दिलं त्यानं त्या गप माणसाच्या जागी स्टुलावर बसायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. स्टुलावर खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम.

घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप पोसलेलं वासरू कापून मेजवानी देतो, ती गोष्ट चालू होती. आमच्यातला अनुग्रह वात्रट. म्हणाला, "बाई, वासरू गप आहे." वर्ग हसत सुटला. बाई हसल्या नाहीत. "बराबर हाय. बस स्टुलावर. तुले कापाले नेऊन राहिले, अन् आंगणात बँड वाजून राहिला. सांग, कसं वाटते?" अनुग्रह थोडा वेळ दात काढत बसला, मग त्याचं हसू गेलं. "मला कोणी विचारलंच नाही," म्हणाला. बाई म्हणाल्या, "हां. आता समजली तुले मेजवानी."

मी स्टुलावर सारखी चढायची. विधवा, कुष्ठरोगी, गुलाम, कोणीही असो, मी तावातावानं बोलायची. एकदा मी विधवेच्या जागी बसले होते, तेव्हा बाईंनी हात वर करून मला थांबवलं. "तू त्या बाईले बोलूच देऊन नाही राहिली वं. तिच्या जागी बसून तुह्यंच भाषण." मला राग आला. आज मी बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या खोल्यांसाठी पत्रकं लिहिते, सभा घेते, आणि त्या वाक्याचा राग मला अजून येतो, कारण ते अजून लागू पडतं.

मग पार्किंगचं प्रकरण झालं. मंडळीतली बरीच कुटुंबं शहराबाहेर बेसाकडे राहायला गेली होती आणि रविवारी गाड्या घेऊन येत होती. गाड्यांना जागा हवी म्हणून कमिटीनं कंपाउंडातली गुलाबकाकांची खोली पाडायचं ठरवलं. गुलाबकाका चर्चचे चौकीदार. घंटा तेच वाजवत, झाडांना पाणी तेच घालत. खोलीपुढे त्यांच्या बायकोनं लावलेली तुळस होती. ते मंडळीचे सभासद नव्हते, त्यामुळे बैठकीत त्यांना बोलायचा हक्कच नव्हता. ज्याचं घर पाडायचं त्यालाच दाराबाहेर उभं करायचं, आणि वर बैठकीची सुरुवात प्रार्थनेनं करायची! माझे बाबा कमिटीत होते. जेवताना म्हणाले, ठराव एकमतानं झाला. एकमतानं म्हणजे बाईंसकट, कारण बाईही कमिटीत होत्या.

त्या रविवारी बाईंनी राजाची आणि मळ्याची गोष्ट वाचली. राजाला शेजाऱ्याचा द्राक्षमळा हवा असतो, शेजारी देत नाही. राजवाड्यातून गावच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, निरोप जातो, ते खोटे साक्षीदार उभे करतात आणि शेजाऱ्याला दगडांनी मारतात. गप कोण, बाईंनी विचारलं. अनुग्रह म्हणाला, गावचे वडील, त्यांच्यातल्या कोणी विचारलंच नाही की हे काहून करायचं. मी म्हणाले, "तुम्ही, बाई."

बाई उठल्या आणि स्टुलावर जाऊन बसल्या. आम्ही त्यांना तिथे कधी पाहिलं नव्हतं. नियमाप्रमाणे आता प्रश्न आम्ही विचारायचे होते. अनुग्रहनं विचारलं, हरकत का नाही घेतली?

"भेव वाटलं," बाई म्हणाल्या. "बोलली तर हा वर्ग काढून घेतीन माह्यापासून. पोराईसाठी गप राहिली, असं मीच मले समजावलं. तुमचं नाव उगाच घेतलं मी."

पुढच्या रविवारी उपासनेत सूचना वाचून झाल्यावर बाई बाकावरून उठल्या. "गुलाबची खोली पाडाले माह्यी हरकत हाय. बैठकीत सांगाले पाह्यजे होती. आता लिहून घ्या." मग बायकांच्या बाकांवरून एकेक जण उभी राहू लागली. माझी आईसुद्धा. बाबांनी त्या दिवशी जेवताना विषय काढला नाही. ठराव मागे पडला, खोली राहिली.

बाईंच्या हातून वर्ग मात्र गेला. कारण कोणी दिलं नाही. प्रोजेक्टर घेऊन येणारा एक तरुण आला आणि पोरं वचनं पाठ करू लागली. मी रागानं एक पत्रक लिहून बाईंकडे नेलं, चर्चच्या फाटकावर वाटायला. बाईंनी ते पूर्ण वाचलं, नीट घडी घातली आणि स्टुलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. "आता कामाचं झालं," म्हणाल्या. स्टूल त्या घरी घेऊन आल्या होत्या.

बाई या उन्हाळ्यात गेल्या. चर्चमध्ये स्मरणसभा झाली. कमिटीचे सेक्रेटरी बाईंबद्दल चांगलं बोलले, भरपूर बोलले, आणि म्हणाले की तब्येत साथ देईना म्हणून बाईंनी वर्ग आपखुशीनं सोडला. मी ताडकन उठले. भाषण तोंडात तयार होतं. दारात गुलाबकाका उभे दिसले, घंटा वाजवून आलेले, आणि मी खाली बसले.

अनुग्रहनं बाईंच्या घरून स्टूल आणलं होतं, फोटो ठेवायला. त्यानं फोटो उचलून बाकावर ठेवला, स्टूल माइकजवळ सरकवलं आणि दाराकडे बघून म्हणाला, "काका, या नं."

गुलाबकाका चपला काढून पुढे आले. बसले नाहीत. स्टुलावर हात ठेवून उभे राहिले.

"बाईची तब्येत चांगली होती," ते म्हणाले. "वर्ग माह्या खोलीपायी गेला."