सुल्माबाईंची सही

उरुग्वेतल्या पायसांदू गावच्या आमच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिपाई होतो. मास्तर पुष्कळ पाहिले. ताठ कण्याच्या एकच, तत्त्वज्ञानाच्या सुल्मा बेरुत्तीबाई. बेकरीवाल्याची मुलगी, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र मैदानापर्यंत. दरवर्षी पहिल्याच दिवशी विचारायच्या, "चांगलं-वाईट जगात कुठे असतं? दाखवा बरं." पोरं बाकाखालीसुद्धा बघायची.

एका वर्षी बियाण्यांचे व्यापारी एचेगराय यांनी तक्रार केली. चांगलं-वाईट जगात कुठेच नसतं असं शिकवून बाई पोरं बिघडवतात म्हणे. राजधानी माँटेव्हिडिओहून शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर आले. बाईंची नोकरीच टांगणीला लागली. शिक्षकखोलीत मी गरम पाणी नेऊन ठेवलं आणि मुद्दाम दाराशी रेंगाळलो.

माते हा आमचा चहा, वाळक्या भोपळ्याच्या एकाच पेल्यातून, एकाच नळीने सगळे पाळीपाळीने पितात. बाईंनी तो भोपळा नळीसकट एचेगरायांना दिला. रागातही माणूस शिष्टाचाराचा. परत देताना "आभारी आहे" बोलून गेले. झालं! आमच्याकडे आभार मानले की पुढची पाळी बंद. भोपळा दोनदा त्यांना वगळून फिरला आणि ते नुसते बघत राहिले.

"हवाय ना अजून?" बाई हसल्या. "मग मागत का नाही? हा नियम भोपळ्यात आहे की पाण्यात? कुठल्या दुर्बिणीतून दिसतो? आपणच केलाय. तरी तुमचा हात पुढे होत नाही. चांगलं-वाईट असंच आहे, साहेब."

"चहाची गोष्ट वेगळी, खुनाची वेगळी!" एचेगराय कडाडले.

"वेगळीच. खून म्हटलं की काटा येतो. पण तो माझ्या अंगावर येतो, खुनाच्या नव्हे."

इन्स्पेक्टरांनी कागद सरकवला. 'चांगलं आणि वाईट माणसांवाचूनही जगात असतं, असं मी मानते व शिकवीन.' म्हणाले, "करा सही, विषय संपवा."

"मी तसं मानत नाही."

एचेगराय खुशीत आले. "तुमच्या मते खोटेपणा मुळात वाईट नाहीच ना? मग खोटी सही करायला काय जातंय?"

अडकल्या बाई, असं मला वाटलं.

"जगाचं काहीच जात नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर खरेपणा मलाच सांभाळायला हवा." आणि पेनला टोपण लावलं.

मार्चमध्ये त्यांची बदली पन्नास किलोमीटरवरच्या खेड्यात झाली. मी रविवारची प्रार्थना न चुकवणारा माणूस, बाई देवही मानत नसत. पण बाई निघाल्या त्या सकाळी त्यांची पुस्तकांची पेटी बसपर्यंत मीच उचलली, आणि थांब्यावर कोणी विचारलं नसतानाही प्रत्येकाला सांगितलं, "या आमच्या बाई."