डासबंदचा मालक

माझ्या साडूने मला फसवलं. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, बायकोसमोर सांगितलंय आणि आता लिहूनही देतो. भांडुपपासून मुलुंडपर्यंत बिल्डरांनी, ॲल्युमिनियमच्या व्यापाऱ्यांनी, सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांनी मला गंडवायचा प्रयत्न केला. एकालाही जमलं नाही. जमलं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, ज्याला भाजीवाल्याकडे चार मिरच्या वर मागायची लाज वाटते.

आम्ही दोघं एकाच चाळीत वाढलो, त्यामुळे नातं मागाहून जुळलं आणि अरे-तुरे आधीपासूनचं. मी खिडक्यांना मच्छरजाळ्या बसवायच्या धंद्यात पडलो, तो विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरला लागला. नटबोल्टांच्या खणांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता निवृत्त झाला. चिठ्ठ्या मात्र सुटल्या नाहीत. त्याच्या स्वयंपाकघरात ‘साखर’, ‘पाहुण्यांची साखर’ आणि ‘ही साखर नव्हे’ असे तीन डबे आहेत. नात्यात कुणाला दिवस गेले की हा बाळाच्या नावांची यादी घेऊन डोहाळजेवणाला हजर. चुकीचं नाव दिलं की वस्तू हरवते, असं त्याचं ठाम मत. स्टेशनजवळच्या एका नव्या सलूनमध्ये हा अर्धी दाढी झालेली असताना खुर्चीतून उठला. बायकोचा फोन आला होता आणि आपण कुठे बसलोय ते याला सांगता येईना, इतकं त्या पाटीवरचं इंग्रजी नाव अवघड. “अरे बाबा, जे मला बोलता येत नाही ते मी चार माणसांना काय सांगू?” असं म्हणून त्याने तोंडाला फेस तसाच ठेवून सलूनवाल्याला वीस मिनिटं समजावलं. पुढच्या महिन्यात पाटी बदलली. दाढीचे पैसे याने पूर्ण दिले. मी असतो तर सल्ल्याबद्दल वर्षभराची दाढी फुकट करून घेतली असती.

आता माझं दुखणं सांगतो. मालाडच्या एका कालच्या पोराने वेबसाईट काढली आणि माझी ठरलेली तीन टॉवरांची कामं उचलली. लोक हल्ली दुकानात येत नाहीत, मोबाईलवर शोधतात. माझी मुलगी म्हणाली, “बाबा, साईट काढा, नाहीतर शटर ओढा.” साईट बनवायला माणूस मिळाला, त्याला घासून घासून निम्म्यावर आणला. राहिलं नाव. ते साडूने फुकट शोधून द्यायचं कबूल केलं. फुकट म्हटलं की मी सावध होतो. त्याच वेळी नेमका झालो नाही.

खरं तर नाव माझ्याकडे होतंच. दुकानाच्या पाटीवर जे तीस वर्षं आहे तेच: श्री रवळनाथ ॲल्युमिनियम अँड नेट वर्क्स भांडुप वेस्ट. सगळं सलग, डॉट कॉम. साडूने ऐकलं आणि तो एकदम मालवणीवर उतरला. “मेल्या, एवढां टाइप करीसर डास चावान जातलो!” मग त्याने तपासणी सुरू केली. रिक्षात बसला की ड्रायव्हरला एक नाव सांगायचं आणि मुलुंडला उतरताना तेच परत विचारायचं. माझं नाव ऐकून एक ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, मंदिर मागे राहिलं, वळवू का?” मासळीबाजारात याने गर्दीतून ओरडून तेच नाव कोळणीला सांगितलं. ती म्हणाली, “भाऊ, आरती नंतर कर, पापलेट घेतोस का ते सांग!” मग याने ‘डासबंद’ म्हणून हाक दिली, तर ती म्हणाली, “कुठे मिळतंय रे? आमच्याकडे लय चावतात.” तिथेच याने निकाल लावला. छोटं, बोलता येण्याजोगं, काम सांगणारं, आणि त्यात भांडुप नाही, म्हणजे उद्या घाटकोपरचं गिऱ्हाईकही बिचकणार नाही.

मी भडकलो. तीस वर्षं ज्या देवाच्या नावावर खाल्लं त्याला काढून डास घालू? शेवटी आम्ही कोकणातली माणसं करतात तेच केलं. गावी फोन लावून कौल मागितला. गुरव सोमवारी मोकळा होता. देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर माझं नाव, डावी पडली तर त्याचं. फोन स्पीकरवर, दुकानात कारागिरांसकट सगळे हात जोडून. उजवी पडली! मी पेढे वाटले. साडूनेही खाल्ला, दोन खाल्ले.

साईट सुरू झाली. पहिले दोन महिने तिच्यावर मी, माझी मुलगी आणि बोरिवलीचे एक काका, जे दर सोमवारी फोन करून अभिषेकाची वेळ विचारत. मी त्यांनाही जाळी विकायचा प्रयत्न केला. मग अचानक वारं फिरलं. अंधेरी, पवई, ठाणे, फोन थांबेनात. मालाडच्या पोराकडून एक टॉवर परत आणला. मी गावभर सांगत सुटलो, बघा, देवाचं नाव! साडू समोर बसून चहा पीत मान डोलवायचा.

वर्षभराने मी मोजमापाला गेल्यावर घाटकोपरच्या एक बाई म्हणाल्या, “डासबंदवाले तुम्हीच ना?” मी दुकानात येऊन मुलीला कॉम्प्युटर उघडायला लावला. डासबंद टाकलं की माझीच साईट उघडत होती. साईटवाल्याला फोन लावून खडसावलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. मासळीबाजारातून परतल्याच्या दुपारीच, कौलाच्याही आधी, साडूने ते नाव स्वतःच्या नावावर घेऊन ठेवलं होतं, मग साईटवाल्याला सांगून माझ्याकडे वळवलं होतं. मोबाईलवर टाइप करताना लोक चुकतील म्हणून दोन वेगवेगळ्या इंग्रजी स्पेलिंगांत घेतलं होतं. आणि सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर चिठ्ठ्या लावत हा माणूस कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत पायी फिरला होता.

“देवाला फसवलंस!” साडू चहाला आला तसा मी ओरडलो.

“नाही रे. कौल तुझ्या नावाला मिळाला, ते तू घेतलंस. माझ्या नावाला नको असं देव कुठे म्हणाला?”

“बरं, किंमत बोल. नाव माझ्यावर कर.”

“विकायचं नाही.”

“दुप्पट देतो. तिप्पट!” आयुष्यात मी पहिल्यांदा भाव वर नेत होतो.

त्याने कप बशीत फिरवला. “आयुष्यभर दुसऱ्याच्या मालावर चिठ्ठ्या लावल्या रे,” तो म्हणाला. “एक नाव राहू दे ना माझ्याकडे. तुझ्या कामाला येतंय, तेवढं बस.”

मी चहाचा दुसरा कप मागवला, त्याच्यावरच ओरडत.

गेल्या दिवाळीनंतर तो मेव्हणीला घेऊन गावी राहायला गेला. नाव दर वर्षी वेळेवर पैसे भरून तोच नवं करतो, मला विचारतही नाही. नुसता मोबाईलवर मेसेज येतो: ‘झालं.’ फोन केला तर रेंज नाही म्हणतो. माझा धंदा याच्या दारातून चालतो आणि दाराचा मालक गावात आंब्यांच्या कलमांना चिठ्ठ्या लावत बसलाय. मी बाजारातला माणूस आहे. किंमत न सांगता माल देऊन निघून जाणं याला मी फसवणूकच म्हणतो. त्याने याचं उत्तर द्यावं. फोनवर नाही, मेसेजवर तर नाहीच. भांडुपला यावं, माझ्या समोरच्या खुर्चीत बसावं आणि संध्याकाळी शटर ओढेपर्यंत देत राहावं.