कारध्याच्या फळीवरील रिकामी जागा

भंडाऱ्यास रेल्वेने जाणारा प्रवासी भंडाऱ्यास उतरत नाही, वरठीस उतरतो. फलकावर 'भंडारा रोड' असे लिहिले आहे, परंतु गाव तेथून दूर आहे. कऱ्हाडहून निघून, दोन गाड्या बदलून मी सकाळी तेथे पोहोचलो तेव्हा धुके होते. पोलाद कारखान्याची पाळी बदलत असावी. तोंडाला फडकी बांधलेले स्वार मोटारसायकलींवरून एकामागून एक धुक्यातून येत आणि पुन्हा धुक्यातच जात. कोणाचाही चेहरा दिसला नाही.

प्रवासाचे कारण सांगणे आवश्यक आहे. मी आयुष्यभर जुने ग्रंथ जमवीत आलो. ते जेथून घेतले, ती दुकाने आता उरली नाहीत. पुण्यातील एका दुकानात औषधे मिळतात, कोल्हापुरातील दुकानात पादत्राणे. नागपूरचे दुकान रस्तारुंदीत गेले. भंडाऱ्याचे पुंडलिकराव तेवढे शिल्लक होते. ते जातीने विणकर, व्यवसायाने जुन्या पुस्तकांचे विक्रेते. त्यांना मी कधी पाहिले नाही. सर्व व्यवहार टपालाने होई. त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक शिक्का असे: 'वाचक न राहिल्यास परत', आणि खाली दुकानाचा पत्ता. ही त्यांची दुकानदारीची लकब असावी, असे मी समजत होतो.

भंडाऱ्याच्या तलावांविषयीचा तीन भागांचा एक जुना ग्रंथ आहे. त्याचा पहिला आणि तिसरा भाग पुंडलिकरावांनीच मला पाठविला होता. दुसरा मिळत नव्हता. पहिला भाग मी मिरजेच्या दामोदरपंतांना वाचावयास दिला. पुढे ते वारले आणि त्यांच्या कपाटाबरोबर तो भागही नाहीसा झाला. पुंडलिकरावांचे दिवाळीचे पत्रही त्या वर्षी आले नाही. त्यानंतर मी लिहिलेल्या पत्रांना उत्तर नव्हते. माझे वय पाहता ग्रंथ पुरा करण्याचे काम पुढे ढकलण्यासारखे नव्हते. म्हणून निघालो.

वरठीहून ऑटो केला. चालकाने आरशातून पाहत विचारले, "कोणाच्या घरी जाता, काकाजी?"

"घरी नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात."

"थे दुकान? थे तर बंद झालं जी. आता तिथं मोबाइलचे कवर भेटते. गाइड पायजे का तुमाले?"

"नको."

"मंग या वयात कायले पुस्तक?"

मी बाहेर पाहू लागलो. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत (बांध घातलेल्या शेतांत) धुके पाण्यासारखे साचले होते.

दुकानाविषयी त्याचे म्हणणे खरे निघाले. दारात रंगीत कवरांच्या माळा लटकत होत्या. फलक नव्याने रंगविला होता, पण जुनी अक्षरे रंगाखालून उठून आली होती. 'पुस्त' एवढे वाचता येत होते. समोर तर्री पोहे (तिखट रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. तर्रीने डोळ्यांस पाणी आले. शेजारच्या पानवाल्याकडे चौकशी केली.

"पुंडलिक बुवा? थे तर पोळ्याच्या दिवशी वारले जी. पुस्तकं त्याईच्या बाईनं, अनसूयाबाईनं, ट्रॅक्टरनं कारध्याले नेली, आपल्या माहेरच्या घरी." तो पानाला चुना लावता लावता थांबला. "पर तिथून काही घेऊ नका."

"का?"

"थे पुस्तकं माणसाच्या मराची वाट पाहातेत. म्या बी एक घेतलं होतं, जादूच्या खेळाचं. परत देऊन आलो. जित्तेपणी देल्लेलं बरं."

आजूबाजूची माणसे हसली. तो हसला नाही.

कारधा वैनगंगेच्या पलीकडे आहे. मी पूल पायी ओलांडला. नदी वाहत नव्हती. खाली कोठे बांधलेल्या धरणाचे पाणी मागे चढून तेथे उभे होते. जलपर्णीच्या हिरव्या थरात एक डोंगा (लहान नाव) अडकल्यासारखा स्थिर होता आणि त्यात एक ढिवर (मासेमारी करणारा) जाळे सोडवीत बसला होता. पाण्याचा आवाज नसलेली एवढी मोठी नदी मी पूर्वी पाहिली नव्हती.

घर सापडण्यास अडचण पडली नाही. 'पुस्तकवाली अनसूयाबाई' असे म्हणताच लोकांनी बोट दाखविले. बरोबर मात्र कोणी आले नाही. बाई ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या.

"कोण जी?"

मी नाव आणि गाव सांगितले. बाईंचे हात थांबले. त्यांनी डोक्यावरून पदर ओढला, आणि माझ्या चेहऱ्याकडे न पाहता पायांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. पाय सरळ आहेत अशी खात्री झाली असावी.

"कऱ्हाडचे? थे तर वारले."

"कोण वारले?"

"तुमीच जी."

त्यानंतर त्यांनी पाय धुण्यास पाणी दिले आणि आत नेले.

आतील खोली लांबट आणि अंधारी होती. मध्यभागी मागाचा खड्डा होता. माग नव्हता. चारी भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर पुस्तके. दुकानाची दाटी तेथे नव्हती. पुस्तके ताठ, अंग चोरून उभी होती.

बाईंनी सांगितले ते असे. पुंडलिकरावांच्या वडिलांचा माग बंद पडला, तेव्हा त्यांनी त्याचे लाकूड विकले नाही. चिरून त्याच्या पट्ट्या केल्या. पुस्तक विकले की त्याच्या जागी पट्टी उभी करावयाची. तिच्यावर घेणाऱ्याचे नाव आणि गाव. घेणारा वारला की घरची माणसे कपाट रिकामे करतात, शेवटच्या पानावरचा शिक्का वाचतात, आणि पुस्तक टपालाने येते. मग पुस्तक आपल्या जागी, पट्टी चुलीत, आणि संध्याकाळी वैनगंगेत एक दिवा.

"थे म्हणत, आपुन इकत नाई, उसनं देतो."

मी फळ्यांवरून नजर फिरविली. काही पुस्तके ओळखीची होती. सोलापूरच्या एका गृहस्थांनी माझ्या हातून हिसकावून घेतलेला कोश तेथे होता. बार्शीच्या मास्तरांचा वनस्पतींवरील ग्रंथ होता. त्यांची कपाटे मी पाहिली होती. त्यांच्या मागे त्या कपाटांचे काय झाले असेल, याचा विचारही केला होता. ते सर्व लोक येथे आले होते. पट्टी एकही दिसली नाही.

"पट्ट्या कोठे आहेत?"

"सरल्या. शेवटच्या तुमच्याच होत्या. हे पाहा."

खालच्या फळीवर, भरलेल्या पुस्तकांमध्ये, मधून मधून रिकाम्या फटी होत्या. माझ्या घरी जी पुस्तके आहेत, त्यांची ती जागा. एका फटीशेजारी तलावांच्या ग्रंथाचा पहिला भाग उभा होता. दामोदरपंतांच्या मुलांनी आपल्या वडिलांच्या पुस्तकांबरोबर तोही पाठविला होता. पट्टीवर नाव माझे होते, पुस्तक परत आले होते. पुंडलिकरावांनी त्याचा एकच अर्थ घेतला.

"एक आलं, म्हणून तुमच्या साऱ्या पट्ट्या जाळल्या. बाकीचे येतील म्हणून वाट पाहून राहिले होते. पोळ्यापर्यंत पाहिली."

पहिल्या भागाला टेकून दुसरा भाग होता. कोण्या अकोल्याच्या वाचकाकडून आलेला. मी तो हातात घेतला. जोडपाने वाचण्यासाठी कापून मोकळी केलेली, नकाशे शाबूत. ज्याच्यासाठी मी आलो होतो, ते हातात होते.

"हे दोन्ही मी नेऊ का?"

"तुमचेच हायेत, न्या. पर जागेवर पट्टी पायजे. माग तर सरला."

"कागदावर नाव लिहून ठेवतो."

"कागदाले उधई (वाळवी) लागते. अन् एकदा जाळलेलं नाव पुन्हा कसं लिवू जी? थे काही बरं नोहे."

मी पुस्तक धरून उभा राहिलो. तिसरा भाग आणून जोडला असता, तर संच पुरा झाला असता. माझ्या कपाटात. त्या कपाटाकडे माझा मुलगा कसा पाहतो, ते मला ठाऊक आहे.

"वहिनी, तुमच्यानंतर हे कोण पाहील?"

"पोरगी तुमसरले देली हाय. थे म्हणते, माये, माह्या घरी जागा हाय."

दोन्ही भाग मी होते तसे ठेविले. "तिसरा मी पाठवीन."

"कवा?"

"घरी पोहोचताच."

"मंग बरं. बाकी सारे मेल्यावरच धाडतात."

जेवल्याशिवाय त्यांनी सोडले नाही. भात आणि झिंग्यांचे कालवण होते. "मेलेल्या माणसाले उपाशी कशी धाडू?" एवढे म्हणून त्या प्रथमच हसल्या.

परतताना घाटावर उतरलो. डोंगा काठाला लागला होता. पुंडलिकराव दिवे कोठे सोडीत, असे मी ढिवरास विचारले.

"इथंच जी. सोडला का उठून जात. एक डाव मात्र लय वेळ बसले. दिवा जलपर्णीत अडकला होता, ईझत नव्हता. म्या इचारलं, कोण गेलं बुवा? म्हणे, दूरचा माणूस हाय, पर कोणी सख्खंच."

"कधीची गोष्ट?"

"बुवा जायच्या आंधीचा तो शेवटचा दिवा."

 पाणी जागच्या जागी होते. पुलावर येईपर्यंत मी मागे पाहिले नाही.

घरी आल्यावर तिसरा भाग कापडात शिवून टपालात टाकला. कारकुनाने आत काय आहे असे विचारले. पुस्तक, म्हणून सांगितले. नंतर नोकरीच्या काळातील आखणीची लाकडी पट्टी काढली, ती पुस्तकाच्या उंचीची कापली आणि कपाटातील रिकाम्या जागी उभी केली. तिच्यावर शाईने लिहिले: पुंडलिकराव, भंडारा.

त्यांनी माझी जाळली. मी त्यांची ठेविली आहे.