काळ्या खोक्यांतली पेंड

तळ्याच्या काकूंचा एक नेम होता. नवी खेप बाजारात जाण्याआधी पहिला मासा घरच्या तव्यावर पडायचा, आणि त्यातला शेपटीचा तुकडा काकूंचा.

त्या वर्षी मात्र तवा खुंटीवरच राहिला. तपासणीला नेलेल्या माशांत शिसं निघालं, तेही प्रमाणाबाहेर. विक्री बंद. तपासनीस बाईंनी तळ्याचं पाणी पाहिलं, विहीर पाहिली, दोन्ही स्वच्छ.

"येतंय कुठून ते कळेपर्यंत तळं चालू करता येणार नाही, काकू."

नवऱ्यामागे या तळ्यानंच त्यांना ताठ मानेनं जगवलं होतं.

दुसऱ्या सकाळी धाकटे दीर, गॅरेजवाले भावजी, चहाला आले. काकू माशांची पेंड भिजवायची खोकी घासत होत्या. काळी, आटोपशीर, कडीची खोकी. जुन्या बॅटऱ्या कापून भावजींनीच या खेपेसाठी आणून दिलेली.

"वहिनी, घासून घासून भोक पाडाल!"

"तुमच्या भेटीचे गुण! कोपऱ्यातला हा राखाडी साका काही केल्या..." काकूंचा हात थांबला. "भावजी, बॅटरीत असतं काय हो?"

भावजींचा कप ओठांपाशीच राहिला.

"शिसं," ते पुटपुटले. "पण मी धुऊन दिली होती, वहिनी. दोनदा."

"आणि मी त्यात रात्रभर पेंड आंबवली."

भावजींची मान खाली गेली. काकूंना मात्र कित्येक दिवसांनी हसू फुटलं.

"तोंड काय पाडता? चोर घरातच सापडला. पाण्यात असता तर कुठं धरला असता त्याला?"

बाईंच्या तपासणीत खोकीच दोषी ठरली. मासे मात्र सगळे गेले; ते पुरताना काकू पाठ फिरवून उभ्या होत्या. मग तळं उपसलं, पेंड टाकायच्या कडेचा गाळ बाईंच्या देखरेखीखाली निघाला. भावजींनी न सांगता स्टीलची पातेली आणून ठेवली. माशांची नवी बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली, तेव्हा ती काकूंच्या बोटांना गुदगुल्या करत पाण्यात उतरली.

मासे हातभर झाले, पुन्हा तपासणीला गेले आणि बाईंचा फोन आला. काकूंनी ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि हाक मारली, "भावजी, तेवढा तवा काढा हो. गंजलाय का बघा."

"आणि शेपटीचा तुकडा?"

"या खेपेला तुमचा. तोही माझ्यासमोर खायचा!"