सातशे कातडी आणि दुसरं मीठ

बकरी ईदचा तिसरा दिवस, बुधवार. रक्कम अठ्ठेचाळीस हजार रुपये. हजर चौघे: मोठा भाऊ, वहिनी, मी आणि नागपूरहून आलेला कातड्यांचा व्यापारी. जागा जाम गावाजवळची आमची पत्र्याची शेड.

बकऱ्यांची सातशे कातडी आम्ही घरोघर फिरून साठ रुपयांनी घेतली होती. त्याचे बेचाळीस हजार. पंधरा पोती मिठाचे सहा हजार. पैसे सगळे भावाचे, पुतणीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले. ते मालात घालायची कल्पना माझी.

व्यापाऱ्याने सत्तर सांगितले. मागच्या ईदला त्यानेच एकशे तीस दिले होते.

“हजार रुपयासाठी तीन दिवस मीठ चोळून राह्यलो का आमी?” मी म्हणालो.

“भाव काय माह्या घरी बनते?” तो हसला. “देता का आज?”

“देऊन टाक,” भाऊ म्हणाला. “पोरीची फी तं निघते.”

“दादा, तुले बाजार समजत नाई. आठ दिवस थांब.”

“अन् नाई चढला तं, भाऊजी?” वहिनीने विचारलं.

“चढते, वहिनी.”

व्यापारी रिकामा गेला. भाव पंचावन्नवर आला, मग चाळीसवर.

आठव्या दिवशी कातडी उलगडून, पाणी सुटलेलं जुनं मीठ झटकून दुसरं मीठ लावावं लागतं. भाऊ पोती आणायला निघाला, तर मीच अडवलं. चाळीसच्या मालावर आणखी सहा हजार, म्हणजे कातड्यामागे साडेआठ रुपये. माल बिघडायच्या आधीच विकू, म्हटलं.

“मिठात काटकसर नोको करू,” तो म्हणाला. पण थांबला. शिकलेला मी, म्हणून माझं ऐकायची त्याला सवय होती.

एकोणिसाव्या दिवशी तोच व्यापारी पस्तीसने न्यायला आला. त्याने एका कातड्याचे केस चिमटीत धरून ओढले. झुपका हातात आला. दुसऱ्याचाही आला. दहाव्यानंतर त्याने हात पुसले.

“सडला माल. फुकट देसान तरी नाई नेत.”

तो गेल्यावर भाऊ एकेक कातडं उचलून केस ओढून पाहू लागला. मी म्हणालो, राहू दे. “एखादं तं निघंन चांगलं,” तो म्हणाला. तो सगळी सातशे पाहीपर्यंत मी तिथेच उभा होतो.

पुतणी हिंगणघाटला कापडाच्या दुकानात लागली. अजूनही मी गेलो की ताट वाढते, “काका, बसा” म्हणते.

वासाची ओरड झाली, तेव्हा शेडमागे खड्डा करून माल पुरला. जेसीबीवाल्याला अठराशे रुपये रोख दिले. तेही भावानेच.