तिनं हात लावू दिला तो दिवस

कुत्री सापडली ती माझ्या शेजारणीला. नवेगाव बांधच्या तलावावर तिच्या घरचे लोक मासे धरतात आणि ती टोपली डोक्यावर घेऊन ते गावात विकते. त्या सकाळी काठावरच्या बेशरमाच्या झुडपांत तिला कण्हणं ऐकू आलं. रानडुकरांसाठी कुणीतरी लावलेला तारेचा फासा कुत्रीच्या कमरेत रुतला होता. शेजारणीनं नवऱ्याला हाक मारली. दोघांनी पक्कडीनं तार तोडली, कुत्रीला पोत्यात गुंडाळलं आणि सरळ माझ्या ओसरीवर आणून ठेवलं.

"सिस्टरबाई, तुमी माणसाईले टाके मारता, हिलेबी पाहा."

मी इथल्या उपकेंद्रात नर्स आहे. एकटीच राहते. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन टाके घातले आणि पुढं लांबूनच औषध फवारा, असं सांगून गेले. ती पळून जाऊ नये म्हणून ओसरीचं जाळीचं दार मी लावूनच ठेवत असे. जखम भरत आली. बाकीचं काही सुधारेना.

ती झोपत नसे. ओसरीच्या भिंतीला अंग घासत इकडून तिकडे फिरायची, वळायची, पुन्हा फिरायची. पावलं वाजली की जागीच मुतायची. पुढचा एक पाय चाटून चाटून तिनं लालभडक केला होता. माझ्यासमोर तिनं कधी घास खाल्ला नाही. मी ड्युटीवरून परत आल्यावर कधी ताटली रिकामी दिसे, कधी माशा बसलेला भात तसाच. नाव ठेवायचं आम्ही पुढं ढकललं. आधी हाकेला वळून तर बघू दे, असं ठरलं.

'आम्ही' म्हणजे मी, ही शेजारीण आणि माझी एक मैत्रीण. मैत्रीण मूळची गोंदिया शहरातली, इथल्या शाळेत शिकवते. तिला कुत्र्यांची भीती वाटते. तरी शाळा सुटली की ती वह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे यायची आणि कुत्रीकडे पाठ करून ओसरीवर बसायची. वह्या तपासता तपासता मुलांचे निबंध हळू आवाजात वाचायची.

"पाठ कशाला करतेस?" मी विचारलं.

"मी तिच्याकडे बघितलं तर ती घाबरते, तिनं माझ्याकडे बघितलं तर मी. ऐसेच ठीक है."

शेजारीण बारीक मासे उकडून, काटे काढून आणायची. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की आमच्या गल्लीत तिची हाक ऐकू येईनाशी झाली आहे. तिचा आवाज खणखणीत. पार बसस्टँडपर्यंत जायचा. आता ती आमच्या गल्लीतून टोपली घेऊन गपचूप जायची आणि पुढच्या वळणावर ओरडायची. गल्लीतल्या बायकांना ती आली-गेली ते कळतही नसे.

"तुझं गिऱ्हाईक जाईल ना," मी म्हटलं.

"जाऊ द्या. मी वरडली का ते भिंतीत घुसाले पाहते."

दिवस धानकापणीनंतरचे होते. घरामागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मळणीचं यंत्र लागलं, तेव्हा कुत्रीनं दाराची चौकट कुरतडून तोंडातून रक्त काढलं. शेजारीण तशीच उठून यंत्रवाल्यांकडे गेली. ते हसले असणार. पण दुपारी त्यांनी यंत्र तळ्याकडच्या बांधीत नेलं. एका कुत्रीसाठी. मला वाटलं, एवढी माणसं हिच्या बाजूनं आहेत, म्हणजे ही वाचेल.

एकदा, एकदाच, ती झोपली. मैत्रीण वाचत होती आणि तिची काढून ठेवलेली चप्पल जरा मागं सरकली होती. कुत्री फिरता फिरता थांबली, बसली आणि चपलेवर हनुवटी टेकून तिनं डोळे मिटले. मैत्रिणीनं वाचणं थांबवलं नाही. वह्या संपल्या तेव्हा पहिलीपासून पुन्हा सुरुवात केली. मी दारात उभी होते. शेजारीण अंगणाच्या फाटकापाशी आली आणि तिथूनच मागं फिरली. अंधार पडेपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी कुत्री पुन्हा भिंतीला अंग घासत फिरत होती.

डॉक्टरांनी शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या. त्या माशात घालून दिल्या, तर तिचे पाय लटपटू लागले आणि पाय ऐकेनात म्हणून ती आणखीच भेदरली. गोळ्या बंद केल्या. "जखम बरी आहे," डॉक्टर म्हणाले. "बाकीचं माझ्या हातात नाही."

मग तिनं खाणंच सोडलं. घर रिकामं असतानाही ताटली भरलेली राहू लागली. मी उपकेंद्रातून सलाईनची बाटली मागून आणली. मैत्रिणीनं पाय धरायचे, शेजारणीनं मान, असं मी सांगितलं. शेजारीण पुढं आलीच नाही.

"कायले धरता सिस्टरबाई? तिले धरलं म्हणूनच तर हे झालं."

बाटली माझ्या हातातच राहिली. नर्सला काही न करता बसणं जमत नाही. पण मी बसले.

त्यानंतर एका दुपारी शेजारीण मासे घेऊन आली. कुत्री कोपऱ्यात आडवी होती आणि कुणी जवळ आल्यावर उठली नाही. शेजारणीनं ताटली खाली ठेवली, हळूच हात पुढं केला आणि तिच्या कपाळावर ठेवला. कुत्री सरकली नाही. इतके दिवस आम्ही तिघी याचीच वाट बघत होतो, आणि मला त्याच क्षणी कळलं की आता काही उरलेलं नाही. मागं सरकायला लागते तेवढीही ताकद तिच्यात नव्हती.

मी मैत्रिणीला फोन केला. ती शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली आणि पहिल्यांदाच कुत्रीकडे तोंड करून बसली. उन्हं कलायच्या आत कुत्रीचा श्वास थांबला.

शेजारणीच्या घरामागच्या बाडीत, तुरीच्या ओळीशेजारी तिच्या नवऱ्यानं खड्डा खणून दिला. परत आल्यावर मी चहा ठेवला. कुणी प्यायलं नाही.

"हमने कुछ गलत किया क्या?" मैत्रिणीनं विचारलं.

"गलत काऊन?" शेजारीण म्हणाली. "आपण होतो न तिच्यापाशी."

मी मान हलवली. पण मनात आलं ते वेगळंच होतं. आम्ही तिच्यापाशी होतो हे आम्हाला माहीत. तिला ते कधी कळलं का? का तिच्या लेखी आम्ही म्हणजे दार अडवून बसलेली आणखी तीन माणसं? तो कपाळावरचा हात तिला बरा वाटला, की तिनं नुसताच सोसला, हे मला सांगता येत नाही. शेजारणीला मी हे बोलले नाही.

ओसरीला वास येत होता. मैत्रिणीनं बादली भरली, शेजारणीनं खराटा घेतला, आणि आम्ही तिघींनी मिळून ओसरी धुतली.